बिबट्या सोडून सांगा

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला मांडवगण फराट्याच्या शिवारात बिबट्या दिसला. संपतआप्पांच्या उसाची तोड चालू होती. फड निम्मा मोकळा झाला होता, लपायला जागा उरली नव्हती म्हणून असेल, तो उभ्या उसातून बांधावर आला, क्षणभर थांबला आणि पाण्याची चारी ओलांडून पलीकडच्या खोडव्याच्या उसात शिरला. कोणाच्या अंगावर तो गेला नाही. त्याच बांधावरून म्हशीसाठी उसाच्या वाढ्याचे भारे डोक्यावर घेऊन तीन बायका घराकडे निघाल्या होत्या. त्या पळाल्या. सगळ्यांत मागे पार्वतीबाई होती.

पार्वतीबाईचा नवरा बन्सी शेजारच्या तुकड्यात आप्पांच्याच गव्हाला पाणी देत होता. हातात फावडं, पाय घोट्याच्या वर चिखलात. बिबट्या त्याने पाहिला. पळायचं तर सोडाच, पायही उचलता येईना, तेव्हा त्याने आरोळी ठोकली. ती अशी की वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. पुढच्या दोघींनी भारे टाकले आणि वस्ती गाठली. पार्वतीबाईने भारा सोडला नाही. भाऱ्यासकट ती चारीत गेली, डोकं सिमेंटच्या पाइपावर आपटलं, वरून भारा अंगावर आला. बन्सी पोचला तेव्हा हिरव्या वाढ्यातून बाहेर आलेले तिचे दोन पाय तेवढे दिसत होते.

त्याने तिला ओढून काढली. रक्त नव्हतं. उजव्या कानाच्या वर टेंगूळ आलं होतं. तिने पदराने तोंडावरचा चिखल पुसला आणि पहिलं काय केलं असेल तर विखुरलेलं वाढं गोळा करायला बसली.

"आगं, जिवापरास म्हस जड झाली व्हय तुला?" बन्सी म्हणाला.

"म्हस काय खाईल मग? तुमची आरोळी?"

घरी आल्यावर सून प्राचीने टेंगळाला हळद लावली. रात्री पार्वतीबाई नेहमीसारखी जेवली आणि नात दीक्षाला कुशीत घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी स्टँडवरच्या हॉटेलात गेला. त्या हॉटेलात तो आयुष्यभर चहा प्यायला होता, पण बाहेरच्या बाकड्यावर बसून. आत टेबलाशी संपतआप्पा आणि सोसायटीची मंडळी बसायची. त्या दिवशी आप्पांनी आतून हाक मारली, पायाने खुर्ची पुढे सरकवली आणि बस म्हणाले. आप्पा वयाने बन्सीपेक्षा लहान, तरी अरे-तुरेच करायचे. बन्सी बसला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने सांगायला सुरुवात केली.

तो चांगलं सांगायचा, हे त्यालाही तोवर माहीत नव्हतं. ऊस कसा हलला, पाचट कसं वाजलं, मग आधी तोंड, मग खांदे, मग ती शेपूट. बिबट्याने आपल्याकडे कसं बघितलं ते सांगताना तो मान सावकाश वळवायचा आणि हॉटेलात भज्यांचा झारा थांबायचा. बिबट्या निघून गेला की ऐकणारे श्वास सोडायचे, आणि मग बन्सी भारा, चारी आणि वाढ्यातले ते दोन पाय सांगायचा. लोक टेबलावर हात आपटून हसायचे. घरी शेजारणी जमल्या की तिथेही तेच. पार्वतीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. बायका तिला विचारत, कसा होता गं, आणि ती तोंड उघडायच्या आत बन्सी सांगायला लागे.

वनखात्याची माणसं ठसे मोजून गेली, फडाच्या कडेला पिंजरा लागला. मोबाइलवर बातम्या करणारा एक जण माइक घेऊन आला. त्याच्यापुढे मात्र बन्सीने चारीतला भाग गाळला. बाईमाणसाचे पाय, ते कशाला जगाला दाखवायचे. तो व्हिडिओ सणसवाडीला कंपनीत असलेल्या त्याच्या मुलाने, नवनाथने, लाइनवरच्या सगळ्यांना दाखवला. खोलीवरचे बिहारी पोरगे त्याला म्हणाले, "भाई, तेरे पिताजी तो हीरो निकले." नवनाथने तेही फोनवर सांगितलं. बन्सीने ते आप्पांना सांगितलं.

ग्रामपंचायतीने शेतात जाणाऱ्या बायकांना गळ्यात घालायला खिळ्यांचे पट्टे वाटले. बिबट्या मानगूट धरतो, म्हणून. आधी बायकांनी नाकं मुरडली. कुत्र्याचा पट्टा म्हणून एकमेकींना चिडवलं. मग सगळ्या घालायला लागल्या. पार्वतीबाईही घालायची, घरी आली की मानेमागचं बक्कल काढून पट्टा खुंटीला अडकवायची.

पुढचे काही आठवडे सगळं ठीक होतं. निदान बन्सीला तसं वाटलं. नंतर कोणी विचारलं, नेमकं कधीपासून बिघडलं, तर त्याला एक दिवस काही सांगता येईना. डोकं दुखतंय असं ती म्हणायची, पण उसाच्या फडात उन्हात वाकून काम करणाऱ्या कोणत्या बाईचं डोकं दुखत नाही? सकाळी उठल्या उठल्या दोनदा ओकली, ते पित्तावर गेलं. मग ती गप्प झाली. कामावरून आली की भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या जागी डोळा लागायचा. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. दीक्षाला ती नवनाथच्या नावाने हाक मारायला लागली. आणि पट्टा काढेना. घरात, चुलीपुढे, जेवताना, गळ्यात खिळे. प्राचीने विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." रात्री तिला झोप लागली की प्राची हळूच बक्कल काढायची, आणि पहाटे कामाला जाताना परत घालून द्यायची.

शेजारच्या मळ्यातली तानुबाई येऊन बघून गेली. तिने आपल्या हनुवटीला हात लावला.

"भ्याली हाय ती. घरात बसून बी पट्टा सोडत न्हाई, बघ की. बन्सी, एकदा भगताकडनं उतरून घे."

"आमच्यात चालत न्हाई ते," बन्सी म्हणाला.

समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. या घरात अंगारा-धुपारा त्याच्या बापाच्या वेळेपासून बंद होता. बन्सीने ते अभिमानाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला डॉक्टरकडे नेलं. भगताकडे जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, एवढं तो पक्कं शिकला होता. डॉक्टर बोलल्यावर पुढे काही विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

गावातले डॉक्टर स्वभावाने भले. दवाखान्यात गर्दी होती आणि सगळी गर्दी बन्सीला ओळखत होती. बन्सीने सांगायला सुरुवात केली आणि बाकड्यावरच्या दोघांनी मध्येच पुरवणी जोडली. डॉक्टरांनी रक्तदाब घेता घेता बिबट्या किती लांब होता ते विचारलं. बन्सीने दाराबाहेरच्या लिंबाकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, मग माणसानं धसका घेतला तर नवल काय. चांगली झोप झाली की ताळ्यावर येईल. एक इंजेक्शन दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. बन्सी बाहेर पडला तेव्हा त्याला हलकं वाटलं. आजाराला नाव मिळालं होतं.

गोळ्यांनी ती झोपली. दिवसाही झोपायला लागली. त्यामुळे ती आजाराने झोपते की गोळीने, हे कळेनासं झालं.

मग म्हैस लाथा मारायला लागली. ती म्हैस पार्वतीबाईच्याच हातची. दुसरं कोणी पुढे आलं तर पान्हा चोरायची. आता पार्वतीबाई धारेला बसली की ती पाय झाडे. एकदा चरवी उडाली आणि बाई मागे शेणात आडवी झाली. तानुबाई म्हणाली, भेदरलेलं माणूस जनावराला वासावरनं कळतं. हे सगळ्यांना पटलं. बन्सीलाही पटलं. हॉटेलात त्याने तेही सांगितलं, आणि आप्पांनी आपल्या आजोबांच्या एका बैलाची तशीच गोष्ट सांगितली.

प्राचीला एवढं पटलं नव्हतं. पण तिला नेमकं काय पटत नाही, ते तिलाही सांगता येईना. एका सकाळी अंगण झाडता झाडता ती म्हणाली, "मामा, आत्या डाव्या पायातली चप्पल रोज कुठं ना कुठं सांडून येतात. उजवी कधीच नाही."

"ध्यान नसतं तिचं."

"ध्यान नसलं तर कधी ही सांडंल, कधी ती."

बन्सी गोठ्याकडे निघून गेला. सासऱ्याला सुनेने उलट विचारलेलं त्याला आवडलं नाही.

रविवारी नवनाथ सुट्टीवर आला. आईने त्याच्याकडे बघून मान हलवली, पण कधी आलास म्हणून विचारलं नाही. तो तिला शिरूरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे रक्त तपासलं, साखर तपासली, छातीची ईसीजीची पट्टी काढली. सगळं बरोबर निघालं. नवनाथने मोबाइलवर बापाचा व्हिडिओ लावून डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी पूर्ण बघितला. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघितली. म्हणाले, भीतीचा आघात आहे, त्यातून डिप्रेशन आलंय, हल्ली तुमच्या भागात अशा केसेस येतात. जुनी गोळी बंद करून नवी दिली. परत येताना नवनाथ मोबाइलवर वाचत होता. म्हातारपणी विसरायचा एक आजार असतो, तो असला तर बरा होत नाही, असं त्याने बसमध्ये सांगितलं, आणि मग हेही सांगितलं की नक्की काही म्हणता येत नाही.

बन्सी खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होता. धसका, डिप्रेशन, विसरायचा आजार. धसका असेल तर जाईल. डिप्रेशन म्हणजे काय ते त्याला उमगलं नव्हतं. पण काल तिने तवा समजून चुलीतलं जळतं लाकूड धरायला हात घातला होता, ते या तिन्हींतल्या कशात बसत होतं, त्याला कळेना. शेजारी पार्वतीबाई झोपली होती आणि तिची मान दर खड्ड्याला डावीकडे कलत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात संपतआप्पांच्या घरी कांद्याची निवड होती. साखरबाईंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, बोलावलं म्हणून पार्वतीबाई गेली. बाकीच्या बायका पाटीमागून पाटी भरत होत्या. ही एक कांदा हातात घेऊन बसली होती. दुपारी ती उठून ओट्यावर जाऊन बसली आणि तिथेच तिला लघवी झाली. साडी भिजली, ओटा भिजला. तिला ते कळलं की नाही, कोणास ठाऊक. बायका बघत राहिल्या. मोनिका नावाची आप्पांची नात शाळेतून येत होती, ती दारातच थांबली.

बन्सीला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा पार्वतीबाई ओल्या साडीत उभी होती आणि गडी ओट्यावर बादल्या ओतत होता. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. बन्सी बघत होता. साखरबाई आवाज खाली ठेवून बोलल्या.

"बन्सी, आता लपवून न्हाई चालायचं. डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. येरवड्याला नेऊन दाखव. तुझ्या घरात लहान पोर हाय."

त्याने मान डोलावली. आप्पा पडवीत होते. ते बाहेर आले नाहीत. बायकोच्या खांद्यावर स्वतःचा टॉवेल टाकून बन्सी तिला रस्त्याच्या कडेकडेने घरी घेऊन आला. हॉटेलावरून जाताना आतून कोणी हाक मारली नाही.

येरवड्याला नेलं तर तिथे ठेवून घेतील, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. एकदा ठेवलं की माणूस परत येत नाही, असं त्याने ऐकलं होतं. खरं की खोटं माहीत नाही. बेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला तिथे सोडून एकट्याने बसमध्ये चढायचं, हे चित्र त्याला दिवसाढवळ्या दिसायला लागलं. प्राचीने चौकशी काढली की दौंडला सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजाराच्या डॉक्टर बसतात. आधी तिथे जाऊ, ती म्हणाली. येरवडा कुठं पळून जात नाही.

गुरुवारी उजाडताना ते निघाले. दीक्षाला तानुबाईकडे ठेवलं. स्टँडपर्यंतची वाट उसातून होती, म्हणून बन्सीने स्वतः पार्वतीबाईच्या गळ्यात पट्टा घातला. वडापची जीप भरून निघाली. नदीच्या पुलाअलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या झाल्या होत्या, तिथे बराच वेळ गेला. पार्वतीबाई पदरात ओकली. पुढच्या सीटवरच्या माणसाने काच उघडली आणि नाकाला रुमाल लावला. बन्सी मनातल्या मनात सांगायचं जुळवत होता. आता सगळं नीट सांगायचं, काही सोडायचं नाही. ऊस कसा हलला, तिथपासून.

दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव सविता. तिशीच्या असतील. टेबलावर थंड झालेला चहा होता. त्यांनी पार्वतीबाईला जवळच्या स्टुलावर बसवलं आणि बन्सीला बोलू दिलं. बन्सीने सांगितलं. ऊस, पाचट, तोंड, खांदे, शेपूट. मान वळवायच्या जागी त्याने मान वळवली. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग धसका, गोळ्या, शिरूर, म्हैस, ओटा. तो थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही चांगलं सांगता. आता बिबट्या सोडून सांगा."

"म्हंजी?"

"म्हणजे समजा, त्या दिवशी बिबट्या आलाच नाही. मग यांचं काय झालं?"

बन्सीने प्राचीकडे बघितलं. "बिबट्या आला न्हाई, तर मग काय झालंच न्हाई की."

"बरं. त्या संध्याकाळी यांनी काय काय केलं, तेवढंच सांगा. बाकीच्यांचं नको."

"वाढ्याचा भारा घेतला. निघाली. पळाली."

"मग?"

"पडली."

हे म्हणताना त्याच्या तोंडावर हसू आलं. या जागी सगळे हसायचे, म्हणून ते सवयीने आलं. डॉक्टर हसल्या नाहीत. प्राचीही हसली नाही. बन्सीचं हसू तोंडावरच राहिलं आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना.

"कशावर पडल्या?"

"चारीत. शिमीटचा पाइप हाय तिथं."

"डोकं लागलं?"

"टेंगूळ आलं हुतं. हळद लावली. उतरलं ते."

"कोणत्या बाजूला?"

बन्सीने आपल्या उजव्या कानावर हात ठेवला.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"समद्या गावाला."

"डॉक्टरांना?"

बन्सीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "त्यांनी इचारलं न्हाई. आन् त्यात काय सांगायचं, बाईमानूस हाय."

तेव्हा प्राचीने चपलेचं सांगितलं. डावीच सांडते, हे तिने दोनदा सांगितलं, पहिल्यांदा फार हळू बोलली होती म्हणून. डॉक्टरांनी पार्वतीबाईला दोन्ही हात पुढे करून डोळे मिटायला लावले. उजवा हात तसाच राहिला. डावा सावकाश खाली आला, फांदी वाकावी तसा, आणि तिला ते कळलं नाही. डोळे उघडल्यावर तिने दोन्ही हातांकडे बघितलं, जणू एक दुसऱ्या कोणाचा आहे.

मग डॉक्टरांचं लक्ष पदराखालच्या खिळ्यांकडे गेलं. "हे काय आहे, आजी? काढून दाखवता?"

पार्वतीबाईने उजवा हात मानेमागे नेला. बोटांना बक्कल सापडलं. एका हाताने बक्कल धरायचं आणि दुसऱ्याने पट्ट्याचं टोक ओढायचं, असं ते काम. डावा हात मांडीवर होता तसाच राहिला. ती एकाच हाताने खटपट करत राहिली. बन्सी मदतीला उठला, तर डॉक्टरांनी त्याला हातानेच बसवलं. शेवटी पार्वतीबाईने प्राचीकडे बघितलं.

"निघत न्हाई गं."

"आत्या, कधीपासून निघत नाही?"

"लई दिस."

"मग सांगितलं का नाही?"

"समदी म्हनत्यात, भ्याले म्हनून," ती म्हणाली. "म्या म्हनलं, आसंल."

डॉक्टर उठून स्वतः फोन करायला गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या की आजच्या आज डोक्याचा स्कॅन करायचा आहे, चिठ्ठी दिली आहे, थांबायचं नाही. झोपेची गोळी आजपासून बंद.

"म्हंजी ती येडी न्हाई?" बन्सीने विचारलं.

"मनाचं काही आहे की नाही, ते मी आज सांगणार नाही. असेलही. आधी डोक्याच्या आत काय आहे ते बघू द्या."

मनाच्या डॉक्टरकडे आलो आणि मनाचंच सांगत नाहीत, हे बन्सीच्या गळी उतरेना. तो चिठ्ठी धरून व्हरांड्यात उभा राहिला आणि प्राचीने त्याला दंडाला धरून चालवेपर्यंत हलला नाही.

स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मध्ये, उजव्या बाजूला, रक्त साचलेलं दिसलं. दुपारी ॲम्ब्युलन्सने त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सर्जनने भिंतीवरच्या पडद्यावर ते दाखवलं. कलिंगडाच्या फोडीसारखा आकार होता. पडल्यावर आत बारीक शीर तुटली असेल, ते म्हणाले. रक्त थेंबाथेंबाने झिरपत राहतं, आठवडे जातात, मग मेंदू दाबला जातो. पण यात जुनं रक्त आहे आणि थोडं नवंही दिसतंय. मध्ये परत कुठे पडल्या होत्या का?

म्हशीपाशी पडली होती. गोळीच्या गुंगीत एकदा उंबऱ्याला अडखळली होती, प्राचीने सावरली होती, पण पूर्ण सावरली होती का? बन्सीला आठवेना. जे आठवलं ते त्याने सांगितलं, आणि सांगितल्यावर आपण बरोबर सांगितलं की नाही याची त्याला शंका आली. असं त्याला आधी कधी वाटलं नव्हतं.

नवनाथ सणसवाडीहून कंपनीच्या कपड्यांतच आला. त्याने सर्जनचं ऐकलं, स्क्रीन बघितली. मग बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आई पडल्याचं तुम्ही मला सांगितलंच नाही."

"तुला सांगितलं असंल की."

"व्हिडिओत नाही."

"व्हिडिओत न्हाई," बन्सी म्हणाला.

कवटीला भोक पाडून रक्त काढावं लागेल, हे ऐकल्यावर नवनाथने सही केली. बन्सीनेही शेजारी केली, कोणी मागितली नव्हती तरी. आत नेताना पार्वतीबाईचे अर्धे केस काढलेले होते. बन्सी तिच्याबरोबर दारापर्यंत गेला. ती जागी होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. त्याने सर्जनला विचारलं, रक्त काढल्यावर धसका पण निघेल का. सर्जन म्हणाले, रक्त निघेल, बाकीचं नंतर बघावं लागेल.

रक्त निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वतीबाईने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. डोक्याला पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली नळी. प्राचीला तिने नावाने हाक मारली. नवनाथला म्हणाली, कामावर न्हाई का गेलास. डाव्या हाताची बोटं हलत होती. सर्जनने दाबायला सांगितलं तर तिने दाबली, उजव्याइतकी नाही. बन्सी पायथ्याशी उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने टोपीने पुसलं.

वॉर्डात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाचा भाऊ सासवडकडचा होता. तो येऊन म्हणाला, "बिबट्या बघून आजारी पडल्या, त्या बाई याच का?"

पार्वतीबाईने ते ऐकलं. "कोनी बघितला?"

"तू," बन्सी म्हणाला.

"म्या न्हाई बघितला."

बन्सीला वाटलं, परत डोकं फिरलं. तो वाकला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "आगं, आप्पांच्या फडात. बांधावर. तू पळालीस न्हाई का?"

"तुम्ही वरडला, म्हनून पळाले," ती म्हणाली. "मागं बघाया डोई कुठं मोकळी हुती? भारा हुता की."

सासवडचा माणूस हसला आणि भावाच्या खाटेकडे वळला. बन्सी ती संध्याकाळ आठवायला लागला. बिबट्या बांधावर आला तेव्हा बायकांची पाठ होती की तोंड? पुढच्या दोघींनी बघितला होता, त्या तसं म्हणायच्या. हिने कधी म्हटलं होतं का? हॉटेलात, घरी, दवाखान्यात, इतक्या वेळा ते सांगितलं गेलं, त्यात हिचा आवाज कुठे होता, हे त्याला शोधून सापडेना. सांगणारा तोच होता.

संध्याकाळच्या राउंडला त्याने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोक्याला मार लागला की त्या आसपासचं पुसलंही जातं. बघितला असेल आणि आठवत नसेल. किंवा बघितलाच नसेल. आज ते ठरवता येणार नाही. नवनाथने दौंडला डॉक्टर सवितांना फोन लावला. त्यांनी हाताची, उलटीची, झोपेची चौकशी केली आणि सांगितलं की घरी सोडल्यावर एकदा माझ्याकडे आणा, भीती आहे की नाही हे मी तेव्हा बघीन. तोवर त्यांना काय दिसलं, ते कोणीही त्यांना सांगू नका.

शनिवारी सकाळी नळी काढली. पार्वतीबाई उशीला टेकून बसली आणि थोडा भात खाल्ला. दीक्षाचं नाव तिला अजून आठवत नाही. बारकी, एवढंच म्हणते. लघवी कळते. डाव्या पायाचं अजून बघायचं आहे, तिला उभं केलेलं नाही. गावाहून संपतआप्पांचा फोन आला होता, पिंजऱ्यात अजून काही सापडलेलं नाही.

खाऊन झाल्यावर तिने बन्सीला जवळ बसायला सांगितलं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "केवढा हुता?"

बन्सीने तोंड उघडलं, दौंडच्या डॉक्टरांनी बजावलेलं त्याला आठवलं आणि त्याने ते मिटलं. ती वाट बघत होती. दुसरा स्कॅन सोमवारी आहे.